हिप्पींच्या बेलबॉटमची कळी

तुमच्या घरात कोणी शिवणक्लास केला असेल तर कळी हा शब्द कानावरून गेलाच असेल. परकराला सहा कळ्या, अनारकलीला सोळा कळ्या वगैरे. वर निमुळता आणि खाली रुंद असा कापडाचा तिकोनी तुकडा, तो दोन सरळ पाट्यांच्या मध्ये जोडला की खाली घेर येतो, बास. तर १९६० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोतल्या पोरापोरींच्या अंगावर ज्या बेलबॉटम दिसायच्या त्यातल्या कितीतरी म्हणजे साध्या सरळ जीन्समध्ये घरी बसून घातलेली ही एक कळी होती (काही जण आर्मी-नेव्हीच्या जुन्या मालाच्या दुकानातून खलाशांच्या घेरदार पॅंटी आणायचे, तो वेगळा रस्ता). मला हे समजलं तेव्हा मी थोडा वेळ नुसतीच हसत बसले, कारण तोपर्यंत मला वाटायचं की हिप्पी फॅशन म्हणजे काहीतरी डोक्यावरून जाणारं आर्ट आहे, आणि निघालं काय तर कळी.

म्हणून हे कपडे बनायचे कसे आणि शिवायचं कोण, एवढंच इथे सांगते. दिसायचे कसे ते आपण शंभर फोटोंत बघितलंय.

आधी पटकन काळ सांगते. सॅन फ्रान्सिस्कोत हेट-अ‍ॅशबरी नावाचा भाग आहे, जुनी लाकडी व्हिक्टोरियन घरं, तेव्हा भाडं स्वस्त, म्हणून १९६५ च्या आसपास तिथे विद्यार्थी, चित्रकार, बँडवाले येऊन राहायला लागले, यांनाच पुढे हिप्पी म्हणायला लागले. तिकडे व्हिएतनामचं युद्ध चालू. एलएसडी हे ड्रग कॅलिफोर्नियात ६ ऑक्टोबर १९६६ पर्यंत बेकायदा नव्हतं, आणि ते घेतल्यावर रंग-आकार हलताना, वितळताना दिसतात म्हणतात, तसंच काहीतरी पोस्टरवर, भिंतींवर, अंगावरच्या कपड्यांवर आणायचा जो खटाटोप झाला त्याला सायकेडेलिक म्हणायचं. १४ जानेवारी १९६७ ला गोल्डन गेट पार्कात मोठा मेळावा झाला, त्या उन्हाळ्यात देशभरातून पोरांचे लोंढे आले, आणि ६ ऑक्टोबर १९६७ ला तिथल्याच लोकांनी 'हिप्पी मेला' म्हणून चक्क प्रेतयात्रा काढली, कारण तोवर टीव्हीवाले आणि टूरिस्ट बसेस येऊन सगळ्याची जत्रा झाली होती. म्हणजे त्या गल्लीतला खरा जोर जेमतेम दोन-अडीच वर्षांचा, कपडे मात्र पुढे दहा वर्षं चालत राहिले.

आता या मंडळींचं म्हणणं काय होतं, तर सूट-टाय घालून ऑफिसात जा, पगार घ्या, तो डिपार्टमेंट स्टोअरमध्ये उडवा, परत ऑफिसात जा, हे चक्रच नको. ठीक आहे, पण मग अंगात घालायचं काय? तर जुनं घ्या नाहीतर स्वतः बनवा. जुनं मिळायचं ढिगाने, दान आलेल्या कपड्यांच्या दुकानात आजीच्या काळातले मखमली गाऊन, लेसचे टेबलक्लॉथ, पडदे, सगळं चिल्लर पैशांत, कारण बाकीची अमेरिका तेव्हा नायलॉन-पॉलिस्टरवर खूश होती आणि जुन्या मखमलीला कोणी विचारत नव्हतं. जॅनिस जॉप्लिन ही त्या काळातली केवढी मोठी गायिका, तिचे स्टेजवरचे कपडे लिंडा ग्रेव्हेनाइट्स नावाची तिची मैत्रीण शिवायची, दोघी एकाच घरात राहायच्या. जॅनिसने तिच्याबद्दल सांगितलेलं मला फार आवडतं, की ती सावकाश शिवते, चांगलं शिवते आणि ज्यांच्यावर तिचा जीव आहे त्यांच्यासाठीच शिवते. आमच्या गल्लीतल्या एका शिवणवाल्या काकूही अशाच आहेत, फक्त सावकाशपणाचा भाग जरा जास्तच आहे.

इथे एक गोष्ट सगळे विसरतात. बंड करणाऱ्या या मुलींना शिवणं कुठून येत होतं? आकाशातून नाही पडलं. १९५० च्या दशकात अमेरिकन शाळेत मुलींना होम इकॉनॉमिक्स हा विषय असायचा, त्यात स्वयंपाक आणि शिवण, म्हणजे आधी एप्रन, मग स्कर्ट, मग कागदी पॅटर्न कापडावर टाचून पूर्ण ड्रेस. मुलगी शहाणी गृहिणी व्हावी म्हणून हे शिक्षण, आणि त्या मुलींनी घर सोडून ते कुठे वापरलं तर बँडवाल्यांचे झगे शिवायला. विचार बंडखोर पण हातातली सवय आईच्या आणि शाळेतल्या बाईंच्या तालमीतली. मुलंही शिवायची, नाही असं नाही, पण बरचसं काम बायकांच्या हातचं होतं आणि फोटोखाली नाव मात्र घालणाऱ्याचं येतं, शिवणारीचं नाही, हे जरा खटकतंच.

आता मापाकडे येऊ, कारण खरी गंमत तिथे आहे. १९५० च्या दशकातला अमेरिकन ड्रेस शिवणं अवघड असतं. कमरेला टक्स, छातीला टक्स, मुंढा नीट गोल, बाही त्यात बसवायची, चेन, अस्तर, एका इंचाने चुकलं की अंगात बसत नाही. ज्यांनी ब्लाउज शिवलाय त्यांना मुंढ्याचं दुःख सांगायला नको. आता याच्या उलट कफ्तान घ्या, आपला जुन्या पद्धतीचा कुर्ता घ्या. हे कपडे माणसाच्या अंगाच्या आकारावरून निघालेलेच नाहीत, ते मागाच्या पन्ह्यावरून निघालेत. माग जेवढं रुंद कापड देतो तेवढी पाठ-पोट, त्याला आयताकृती बाह्या, काखेत एक चौकोनी तुकडा म्हणजे हात वर करता येतो, बाजूला कळ्या म्हणजे चालता येतं. टक्स नाहीत, चेन नाही, कापड जवळजवळ वाया जात नाही आणि दहा किलो वजन इकडेतिकडे झालं तरी बसतं. नवख्या हाताला असले कपडे वरदान. म्हणून हिप्पींनी पूर्वेकडचे कपडे उचलले यामागे अध्यात्म वगैरे होतं हे खरं, पण माझ्या मते त्याहून साधं कारण असं की ते शिवायला सोपे होते!

याचा सगळ्यात भारी नमुना म्हणजे आपल्याकडची छापील सुती चादर. भारतातून गेलेल्या ठशांच्या चादरी तिकडे इम्पोर्टच्या दुकानांत स्वस्तात मिळायच्या, आणि हिप्पींच्या घरात एकच चादर भिंतीवर, खिडकीला, गादीवर आणि अंगावर अशी सगळीकडे दिसायची. चादरीचा ड्रेस शिवताना चादरीची किनार खाली घेरावर आणायची, मधली नक्षी छातीवर. आपण आईच्या जुन्या साडीचा ड्रेस शिवताना काठ खाली आणि पदर पुढे घेतो ना, सेम डोकं. चादरीला किनार चारही बाजूंनी असते म्हणून बाह्यांनासुद्धा काठ मिळतो, ही साडीपेक्षा एक सोय जास्तच.

बरं, कळी घालायची कशी ते जवळून बघू, कारण मी ते केलंय आणि आधी बिघडवलंय. जीन्सला दोन लांब शिलाया असतात, एक बाहेरच्या बाजूला आणि एक आतल्या. आतली बहुतेक वेळा दुमडून दुहेरी टीप मारलेली असते, ती उसवायला गेलात तर संध्याकाळ जाते. बाहेरची साधी असते, म्हणून बाहेरचीच उसवायची, खालून गुडघ्यापर्यंत, साधारण तेरा इंच. खालची दुमड पण तेवढ्यात सोडवून घ्यायची. मग कळी कापायची, खाली आठ इंच रुंद, वर टोक, दोन्ही तिरक्या बाजू तेरा-तेरा इंच आणि शिलाईसाठी चहूकडून अर्धा इंच जास्त. मी जुनी कलमकारी ओढणी घेतली होती. आता चूक कुठे झाली तर मी कळीचा तळ पट्टी लावून सरळ रेषेत कापला. शिवून घातली आणि आरशात बघितलं तर मधोमध कापड वर चढलेलं आणि दोन्ही कोपरे खाली लोंबतायत, जणू उंदराने मधे कुरतडलंय. कारण साधं आहे, तिरकी बाजू तेरा इंच असली तरी टोकापासून तळाच्या मध्यापर्यंत सरळ उभं मोजलं तर ते सव्वाबारा-साडेबारा इंचच भरतं. शाळेत पायथागोरस शिकलो तो नेमका इथे लागतो. म्हणून तळ सरळ कापायचाच नाही, मध्ये अर्धा-पाऊण इंच खाली झुकेल अशी गोलाई द्यायची. आईने बघितलं आणि एवढंच म्हणाली, 'घेराला गोलाई देतात गं, परकर कधी शिवलाच नाहीस का.' दुसरा पाय तिनेच केला. वरच्या टोकाला तिने मशीन थांबवून सुई कापडात तशीच ठेवली, कापड फिरवलं आणि मग दुसरी बाजू खाली शिवत आणली, आणि टोकावर चार टाके मागे-पुढे मारून पक्कं केलं, कारण सगळा ताण त्या टोकावर येतो. सोळा नंबरची सुई लावा, साधी लावली होती तर माझी एक तुटून उडाली.

हीच युक्ती पुढे मोठी झाली. हेट स्ट्रीटवर म्नासिडिका नावाचं छोटं दुकान होतं, ते चालवणारी पेगी कॅसर्टा सांगायची की असल्या कळी घातलेल्या पॅंटी पोरांना इतक्या आवडल्या की ती लिव्हाइस या जीन्सच्या कंपनीकडे गेली आणि तुम्हीच का नाही करत म्हणाली. लिव्हाइसचं मुख्य ऑफिस त्याच शहरात. मग कारखान्यातूनच घेरदार पॅंटी यायला लागल्या, आणि बाजाराला कंटाळून घरी घातलेली कळी बाजारात तयार मिळायला लागली.

टायडायची, म्हणजे कापड बांधून रंगवण्याची गोष्ट पण अशीच वळसे घेते. हेट-अ‍ॅशबरीत डिगर्स नावाचा एक गट होता, हे लोक पार्कात रोज फुकट जेवण द्यायचे आणि त्यांचं फुकट दुकान पण होतं, म्हणजे आत जा, हवं ते उचला, पैसे नाहीत. त्यांच्यातले लोक आठवण सांगतात की दुकानात पांढरे ऑफिसचे शर्ट ढिगाने आले आणि त्यांना कोणी हात लावेना, साहजिक आहे, ज्या शर्टापासून पळून आलात तोच परत कोण घालेल. मग त्यांच्यातल्या एकीने ते बांधून रंगवायला शिकवलं, आणि रंगवल्यावर शर्ट जायला लागले. यात नवीन काहीच नव्हतं, बांधून रंगवणं आपल्याकडे बांधणीत शतकानुशतकं आहे, जपानात आहे, आफ्रिकेत आहे. तत्त्व एकच, जिथे रंग नको तिथे कापड इतकं करकचून आवळायचं की रंगाचं पाणी आत शिरता कामा नये. फरक धीराचा. बांधणीवाली बाई नखाने चिमटीभर कापड उचलून एकेक बारीक गाठ मारते, एका ओढणीत हजारो. हेटवाल्या पोराला एवढा वेळ कुठला, त्याने टीशर्टच्या मध्यावर बोट टेकवून कापड जिलबीसारखं गोल फिरवलं, रबरबँड लावले आणि रंगात बुडवलं. म्हणून तो मोठा चक्राकार आकार.

रंग कोणता वापरायचे हे महत्त्वाचं, कारण तिथे थोडं केमिस्ट्रीचं काम आहे. दुकानात मिळणारा घरगुती रंग म्हणजे रिट, तो गरम पाण्यात मीठ घालून द्यायचा. तो सुताला नुसता चिकटून बसतो, पक्कं नातं होत नाही, त्यामुळे प्रत्येक धुण्यात थोडा सुटतो. दुसरा प्रकार म्हणजे प्रोसियन, ब्रिटनच्या आयसीआय कंपनीने १९५६ मध्ये बाजारात आणलेला. याचं वैशिष्ट्य असं की धुण्याचा सोडा घातला की रंगाचा कण सुताच्या कणाशी रासायनिक बंध तयार करतो, म्हणजे रंग कापडाचाच भाग होऊन बसतो, आणि हे थंड पाण्यात होतं. गॅस नको, पातेलं नको, अंगणात प्लास्टिकच्या बाटलीतून शिंपडलं तरी चालतं. आज जे भडक, न उतरणारे टायडाय बघता ते बहुतेक याच जातीच्या रंगाचे. मी कॉलेजात असताना किराणा दुकानातल्या पुडीचा रंग वापरून कुर्ता बांधला होता, पहिल्याच धुण्यात बाबांचे दोन बनियन गुलाबी झाले. बाबांनी ते घातले, बोलले काही नाहीत.

आणखी एक टीप सांगते, चक्रात लालाशेजारी हिरवा किंवा जांभळ्याशेजारी पिवळा ओतू नका, हद्दीवर दोघं मिसळून शेणाचा रंग येतो. पिवळ्याशेजारी केशरी, मग लाल, असं जवळजवळच्या रंगांनी जायचं.

रंग सुटण्यावरून एक मुंबईचा किस्सा आठवला. नंतर लीला हॉटेल्स काढणारे कॅप्टन कृष्णन नायर तेव्हा कापडाच्या धंद्यात होते, त्यांचं मद्रास चेक्सचं कापड १९५८ मध्ये एका व्यापाऱ्यामार्फत अमेरिकेतल्या ब्रूक्स ब्रदर्स या कपडेवाल्यांकडे गेलं. सांगितलं होतं की गार पाण्यात हलक्या हाताने धुवा, ती सूचना गिऱ्हाइकापर्यंत गेलीच नाही आणि कपडे रंग सोडायला लागले. तक्रारींचा पाऊस पडला. मग जाहिरातवाल्यांनी काय करावं, 'हमखास रंग सोडणारं कापड' हीच त्याची खासियत म्हणून विकलं, दर धुण्याला नवा कपडा! हा किस्सा नायर स्वतः रंगवून सांगायचे. तर दहा वर्षांनी हिप्पींनी विटक्या, फिकट, रंग सांडलेल्या कापडावर प्रेम केलं, त्याला जमीन थोडी आधीच तयार होती.

टायडायला खरी हवा मिळाली ती रिट कंपनीमुळेच. साठच्या दशकात घरी कपडे रंगवणं कमी होत चाललं होतं, रिटचा खप उतरला होता, तेव्हा त्यांच्या मार्केटिंगमधल्या डॉन प्राइस नावाच्या माणसाने कलाकारांना गाठून टायडाय कापडं करून घेतली, हॉल्स्टनसारख्या न्यूयॉर्कच्या बड्या डिझायनरने ती वापरली. ऑगस्ट १९६९ ला वुडस्टॉकच्या मोठ्या संगीत मेळाव्यात स्टेजवर जॉन सेबॅस्टियन आणि जो कॉकर हे गायक टायडायमध्ये दिसले आणि मग काय, घराघरात बादल्या रंगल्या.

सायकेडेलिक रंग डोळ्यात का नाचतात, हे बरेच जण विचारतात. नुसते भडक असल्यामुळे नाही. राणी रंगाच्या साडीला पोपटी काठ असेल तर काठाची रेघ किंचित थरथरल्यासारखी वाटते, बघितलंय का? दोन विरुद्ध रंग शेजारी आले आणि दोघांचा उजळपणा सारखा असला की कुठला पुढे आणि कुठला मागे हे डोळ्याला ठरवता येत नाही, हद्द हलते. एकाला गडद करा, म्हणजे बाटलीहिरवा काठ घ्या, थरथर गेली. मोबाइलवर फोटो काढून ब्लॅक अँड व्हाइट करून बघा, नाचणारे दोन रंग तिथे एकाच करड्यात मिसळून जातात. पोस्टरवाला व्हिक्टर मोस्कोसो येल विद्यापीठात जोसेफ अल्बर्स या रंगांच्या गुरूकडे शिकलेला होता, तिथे असे रंग टाळायला शिकवतात ते त्याने मुद्दाम वापरले. कपडे शिवणाऱ्यांनी पुस्तक वाचलं नसेल, पण डोळ्याला तेच कळत होतं. पैठणी विणणाऱ्यालाही कळतं.

मग क्रोशा, भरतकाम आणि ठिगळं. बिर्गिटा ब्येर्के नावाची स्वीडिश बाई लंडन करून सॅन फ्रान्सिस्कोला आली, तिने क्रोशाचे झगे, कोट असे केले की क्रोशा म्हणजे टीव्हीवरचा रुमाल ही समजूतच पुसली जाते. क्रोशा का चालला, तर सुई एक, दोरा उरलासुरला, मशीन नको, बसमध्ये, मैफलीत, कुठेही बसून विणता येतं आणि डिझाइन आधी ठरवावं लागत नाही, विणता विणता ठरतं. जीन्स फाटली की ठिगळ, ठिगळाभोवती साखळी टाका, मग वेल, मग सूर्य, मग मशरूम, असं करत करत दोन वर्षांत पॅंटीची गोधडी व्हायची. मुळात दुरुस्तीच ती. पुढे १९७३-७४ मध्ये लिव्हाइसनेच सजवलेल्या डेनिमची स्पर्धा ठेवली, देशभरातून लोकांनी स्वतः भरलेल्या जॅकेट-पॅंटींच्या स्लाइड पाठवल्या.

लंडनचा प्रकार वेगळा होता, तिथे दुकानदारी पहिल्यापासून. किंग्ज रोडवर १९६६ मध्ये ग्रॅनी टेक्स अ ट्रिप नावाचं दुकान निघालं, त्यातला जॉन पिअर्स सॅव्हिल रो म्हणजे तिथल्या सगळ्यात भारी शिंप्यांच्या गल्लीत शिकलेला. त्यांनी विल्यम मॉरिसच्या सोफ्या-पडद्याच्या फुलाफुलांच्या कापडाचे पुरुषांचे कोट शिवले, बीटल्स बँडमधल्या जॉर्ज हॅरिसनने घातला. म्हणजे शिलाई एकदम शिस्तीची आणि कापड दिवाणखान्यातलं. बीटल्सनी डिसेंबर १९६७ मध्ये बेकर स्ट्रीटवर स्वतःचं बुटीक काढलं, कपडे द फूल नावाच्या डच कलाकारांचे, आणि जुलै १९६८ ला उरलेला माल लोकांना फुकट वाटून बंद केलं. अफगाणिस्तानातल्या गझनीकडचे मेंढीच्या कातड्याचे भरतकाम केलेले कोटही याच काळात आले, दिसायला राजेशाही, पण पावसात भिजले की ओल्या मेंढीचा वास सुटायचा आणि लंडनमध्ये पाऊस काय रोजचाच.

आता उचलाउचलीबद्दल बोलायलाच पाहिजे. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या झालरी, मणी, डोक्याची पट्टी, अफगाणी कोट, आपली चादर, सगळं एकाच अंगावर, आणि ज्यांचं ते आहे त्यांची नावं कुणालाच माहीत नाहीत. प्रेमाने घेतलं हे मान्य. पण मूळ रहिवाशांना स्वतःच्या देशात काय भोगावं लागत होतं आणि त्यांचा पोशाख पार्टीला घातला जात होता, हे बघून त्यांना काय वाटत असेल.

आपल्याकडे ही मंडळी इस्तंबूल-काबूलमार्गे गोव्यात पोचली. हणजुणचा बुधवारचा बाजार सुरू झाला तो त्यांच्यातूनच, एट फिंगर एडी नावाने ओळखल्या जाणाऱ्या अमेरिकन माणसाचं नाव त्यासाठी घेतात. पैसे संपले की जीन्स विक, टेप विक, हाताने शिवलेलं काही विक, असा तो बाजार. हळूहळू तिथे कर्नाटकातून आलेल्या लमाणी बायका आरसे आणि कवड्यांचं काम घेऊन बसायला लागल्या. परदेशी लोक विकायला बसायचे तिथे आता आपले विकतात आणि परदेशी घेतात.

मी तिथून एकदा ठिगळांची झोळी आणली होती, जुन्या भरलेल्या घागऱ्यांचे तुकडे जोडून केलेली. दोन वर्षांत अस्तर फाटलं म्हणून उसवलं, तर आतून एकेका तुकड्याची उलटी बाजू दिसली. पुढून सगळं विटून मातकट झालेलं, आतून लाल तसाच, पिवळा तसाच, आणि दोऱ्याच्या गाठी. एका तुकड्यावर दोन वेगळ्या हातांचे टाके होते, निम्मे बारीक आणि निम्मे मोठे, घाईतले. नवं अस्तर आणून ठेवलंय, पण अजून लावलेलं नाही.